न आलेली घागर

डोंगरावरच्या एका गावानं आपला अपमान केला असावा, अशी माझ्या वडिलांची शेवटच्या वर्षांत फार इच्छा होती. केला की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. केला असेल तर बरंच झालं, नसेल तर मग आपलं काही खरं नाही, असं त्यांचं मनाशी चाललेलं असे. हे कुणाला सांगितलं असतं तर माणूस भ्रमिष्ट झालाय म्हटलं असतं. मीही तसंच म्हणत होते, आणि तोंडावर म्हणत होते.

माझे वडील, म्हणजे दादा, पाणाडी होते. जमिनीत पाणी कुठं आहे ते दाखवायचे. लिंबाची बेचकी दोन्ही हातांत धरून अनवाणी रानातून चालायचे आणि काठी खाली ओढली गेली की तिथं टाचेनं माती उकरून खूण करायचे. भूम-वाशीकडच्या डोंगरमाथ्यावरच्या बऱ्याच गावांच्या विहिरी त्यांच्या टाचेच्या. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा त्यांनी देव्हारा काढला, गंडेदोरे काढले, तळहातावर नारळ उभा करून बघायचं सोडलं. काठी मात्र सोडली नाही. वस्तीतली शिकलेली पोरं म्हणायची, "दादा, ही पण अंधश्रद्धाच हाय." दादा म्हणायचे, "असंल बाबा. मग तू दाखव पाणी."

आमच्याकडं रिवाज असा, की विहिरीला पाणी लागलं की पहिली घागर पाणाड्याच्या घरी पोचवायची. तोवर गावातल्या कुणी ते पाणी तोंडाला लावायचं नाही. आता ज्या विहिरी दादांनी दाखवल्या, त्यांच्यावर दादांना पोहरा सोडू देत नव्हते, ते सोडा. घागर मात्र यायची. आमच्याच एखाद्या माणसाच्या डोक्यावर यायची, आमच्या माठात ओतली जायची, आणि रिकामी परत जायची. परत गेल्यावर ती विस्तवावर धरत असतील, मला काय माहीत. लहानपणी मी ते पाणी पुष्कळ प्यायले आहे.

बहात्तरच्या दुष्काळात एका गावाहून घागर आली नाही.

अगदी माथ्यावरचं, पंचवीस-तीस घरांचं गाव. नाव सांगत नाही. दादांनी खूण करून दिली आणि गाव खोदायला लागलं. मुरूम संपून काळा पाषाण लागला तेव्हा सुरुंग आणले. एका सकाळी चार सुरुंग पेटवले, तीन उडाले. चौथा विझला असं समजून एक तरणा शेतकरी खाली उतरला. लग्नाला दोन वर्षं झालेली होती. चौथा विझलेला नव्हता.

एवढा निरोप आमच्याकडं आला आणि त्यानंतर काही आलं नाही. दुष्काळात माणसं पांगली, कोण खडी फोडायला, कोण ऊस तोडायला. दादांनी कुणाला विचारलं नाही आणि पुन्हा कधी काठी हातात घेतली नाही. माणसं लांबून गाडी घेऊन यायची, हातापाया पडायची, आणि दादा म्हणायचे, "माजं ते गेलं आता."

घागर न येण्याचे अर्थ दोनच. एक, पाणी लागलंच नाही. म्हणजे खूण चुकली आणि तो माणूस फुकट गेला. दुसरा, पाणी लागलं, पण आता धम्म घेऊन शहाणे झालेल्यांच्या घरी घागर कशाला पाठवायची, असं गावानं ठरवलं. आम्ही मेलेली जनावरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, त्याचा राग काही गावांनी असाच काढला होता. दादांना हा दुसरा अर्थ हवा होता. जात काढून कुणीतरी आपल्याला हिणवलं असावं, अशी मागणी माझा बाप, देव सोडल्यावरही, देवाकडं करावी तशी करत होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, खुर्चीवर बसायचे, आणि कुणी कप वेगळा ठेवला तर उठून यायचे. मला या मागणीची चीड यायची. माझ्या चिडण्यानं त्यांना काही फरक पडत नव्हता.

दहा-बारा वर्षांनी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा. जीभही अर्धी बधिर झाली, मीठ-साखर कळेना. बोलणं महिनाभर बंद होतं. ते परत आलं तेव्हा पहिल्या चार-दोन शब्दांत एक शब्द होता, "चौथा."

दुपारी घर शांत असलं की बाजेवर पडल्या पडल्या ते मध्येच म्हणायचे, "चौथा." विचारल्यासारखं नाही, बोलावल्यासारखं. मी भाकरी थापत पाठमोरी बसलेली असे आणि अंगावर सरसरून काटा येई. घरात आम्ही दोघंच होतो. तरी मी वळून दाराकडं बघायचे. एकदा तर मी दारातल्या उन्हात कुणी आलंय का, म्हणून खरंच उठून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत ते म्हणाले, "बाई, मला वर ने. समद्या विहिरी बघायच्यात." मला सगळी वस्ती बाई म्हणायची, दादाही. समद्या म्हणजे एकच, हे मला कळत होतं. पण नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. खरं तर मलाही त्या चौथ्यापासून सुटका हवी होती.

दुष्काळाच्या कामांवर डोंगरात रस्ते झाले होते आणि त्यांच्यावरून दूध संस्थेचा टेम्पो जायचा. सकाळी रिकामे कॅन घेऊन वर, दूध घेऊन खाली. ड्रायव्हरनं कॅन एका बाजूला सरकवून दादांना जागा केली. मी शाळेतली लाकडी हाताची खुर्ची मागून आणली होती. सुतारानं तिच्या दोन्ही बाजूंना बांबू आवळून दिले. लोक म्हणत होते बाजेवर न्या, सोपं पडतं. दादा म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर आडवं जायाचंच हाय की. तवर तरी बसून जाऊ द्या."

पहिल्या गावात त्यांना लोकांनी ओळखलं. खुर्चीसकट उचलून विहिरीच्या काठावर नेलं, म्हातारी माणसं भेटायला आली, चहा आला. कप घरातलेच होते. मी नीट बघून घेतलं. दादांचं चहाकडं लक्ष नव्हतं. त्यांना मानपान नकोच होता. विहिरीत डोकावून त्यांनी एवढंच विचारलं, "किती परसावर लागलं?" हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली म्हणजे एक परस. पाचवर, असं कुणी म्हणालं. दादांनी मान हलवली आणि चला म्हणाले.

दुसऱ्या गावानं, आम्ही धम्म घेतल्यावर, घागर पाठवली नव्हती. तिथली विहीर तुडुंब होती. एक मध्यमवयीन माणूस जवळ येऊन खाली बघत म्हणाला, "तवा ते घागरीचं ऱ्हाऊनच गेलं बघा." राहून गेलं! जसं काही दूध उतू गेलं. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण दादांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा चेहरा उजळला होता. टेम्पोत बसल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? घागर न्हाय आली, अन् पाणी हाय. हाय का न्हाय?" एवढे खूश झालेले मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला मात्र भीती वाटली, कारण आता त्यांची आशा फार वाढली होती.

तिसऱ्या, त्या माथ्यावरच्या गावाला रस्ता नव्हता. टेम्पो खिंडीत थांबला. वरच्या गावातले दोघं कावडीनं दूध घेऊन तिथपर्यंत येत. आम्ही कोण, कशाला आलो, हे मी सांगितलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्यांतला थोरला म्हणाला, "न्हेतो की. चला." त्यानं गुरं राखणाऱ्या दोघांना हाक मारली. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले आणि मी मागून दादांची टेकायची काठी, पाण्याची बाटली आणि चपला घेऊन चढू लागले. सुरुवातीला दादा त्यांना हुकूम सोडत होते, इथं उजवीकडनं घ्या, तिथं दगड सुटाय. अर्ध्या वाटेनंतर माणसांच्या धापा आणि बांबूची करकर, तेवढंच ऐकू येत होतं.

गाव जवळपास रिकामं होतं. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या आणि घरांच्या दारांना बोराटीची झुडपं लावून ठेवली होती, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. आमच्या पावलांचा आवाज आमच्याच मागून येत होता. लिंबाखालच्या पारावर खुर्ची टेकवली. मागं राहिलेली म्हातारी माणसं हळूहळू जमली आणि लांब लांब बसली. दादांना पाहून सगळ्यांना समजलं होतं, आणि दादा कधीतरी येणार हे जणू सगळे धरूनच होते.

तेव्हाचे सरपंच अजून होते, थकलेले. दादांनी त्यांना सरळ विचारलं, "इहिरीचं काय झालं?"

सरपंच जमिनीकडं बघत म्हणाले, "बाईंना बघून येऊ द्या."

विहीर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होती. वाट पाऊलभर रुंद, एका बाजूला कडा. खुर्ची जाणं शक्यच नव्हतं. दादा एके काळी तिथं अनवाणी चालत गेले होते. आता त्यांनी लुळा हात उजव्या हातानं मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, "जा बाई. काठावर उबं ऱ्हा. खडा टाक, अन् ऐक."

वाट दाखवायला एक बाई उठली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं. ती सुरुंगात गेलेल्या त्या शेतकऱ्याची बायको, हे मला वाटेत कळलं. तिनंच सांगितलं, शेळी कुणाची ते सांगावं तसं. मी तिच्या टाचांकडं बघत चालत राहिले.

विहिरीचं तोंड चौकोनी, नीट घडवलेलं होतं. आत अंधार आणि अंधारातून वर आलेलं बोरीचं एक झाड. मी खडा टाकला. तो दगडावर आपटला, उडाला, पुन्हा दगडावर आपटला आणि थांबला. मी दुसरा टाकला. का टाकला कोण जाणे. आतल्या खडकावर, ऊन पोचत होतं तिथवर, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या खुणा दिसत होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. चौथ्या खुणेपाशी नजर जाईल या भीतीनं मी आभाळाकडं बघितलं.

"समदे मिळून सात परस खाली गेले," ती बाई म्हणाली. "त्यातले दोन मालक गेल्यावर. थेंब न्हाय."

मी म्हटलं, "आता मी दादांना काय सांगू?"

"काय सांगताव?"

"खरं तेच सांगावं लागंल."

ती विहिरीकडं न बघता बोलली. "बाई, माजं माणूस गेलं ते गेलं. त्या म्हाताऱ्याला कशापायी त्याच्या मागं लावून देताव? बारा वर्सं झाली, समदं गाव म्हनतंय, फुकाट गेला, फुकाट गेला. येका तरी मानसाला वाटू द्या, पाणी लागलं म्हनून."

मला रडू आलं. तिला आलं नाही. येताना ती वाटेतल्या आपल्या घरात शिरली आणि पितळी तांब्या भरून बाहेर आली. ते पाणी तिनं पहाटे खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं होतं. त्या गावात दुसरं पाणी नव्हतंच.

पारावर आम्ही पोचलो तेव्हा दादांनी माझ्याकडं पाहिलं. तीच पुढं झाली. "लागलं व्हतं पाणी," ती म्हणाली. "माजं मालक गेले, त्याच्या म्होरं दोन परसावर लागलं, सातव्या परसाला."

दादा खुर्चीत पुढं झुकले. "मग घागर?" त्यांनी विचारलं. "घागर का न्हाय आली?"

एवढ्या पुढचा विचार आम्ही दोघींनीही केला नव्हता. सरपंचांनी तिच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तुमची जात आडवी आली, दादा. तुमच्या घरी न्हाय पाठवायची, आसं ठरलं. आमचं चुकलं."

पाणी लागलं असतं तर त्यांनी हेच केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. कदाचित केलंही असतं. पण न केलेला अपराध त्या माणसानं भर पारावर, स्वतःच्या लोकांसमोर, उघड्या डोक्यानं आपल्या अंगावर घेतला. जन्मभर ज्या वाक्यानं माझं डोकं फिरत आलं, ते ऐकून मी त्या दिवशी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले होते.

दादा हसले. तोंडाची एकच बाजू हसायची आता, आणि डोळ्यांतून पाणी. "तरीच," ते म्हणाले, "तरीच म्या म्हनलं!" मग माझ्याकडं वळून, "बाई, तू बघितलंस न्हवं? डोळ्यानं?"

"व्हय दादा."

"लई हाय?"

"लई हाय."

तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. वरून ओतला नाही. हाताला हात लावून, त्यांची बोटं तांब्याभोवती आवळून दिला. ते प्याले, अर्धं छातीवर सांडलं. "गोड हाय," जीभ बधिर असलेला माझा बाप म्हणाला. "पोरी, ह्ये तुज्या मालकाचं पाणी हाय. ध्यानात ठिव." तिनं पदर तोंडाला लावला, आणि तेव्हा ती रडली. ते सुखाचं रडू होतं की कशाचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या दिवसानंतर आमच्या घरात दादांच्या तोंडून "चौथा" कधी आला नाही. मी सुटले, असं मला वाटलं. आठवडाभर मी पाय पसरून झोपले.

मग दादांनी सांगायला सुरुवात केली. येईल त्याला, जाईल त्याला. पाणी लागलं होतं बरं का, सात परसावर. जातीपायी घागर दिली न्हाय, सरपंचानं सोता कबूल केलं. दादा हे आनंदानं सांगत, पण ऐकणाऱ्याला त्यातला आनंद कुठून कळणार? वस्तीतली पोरं पेटली. ती ज्या भाषेत चिडली, ती भाषा मीच त्यांना शिकवली होती. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी भूमच्या एसटी स्टँडवर त्या गावच्या माणसाला गाठलं. ज्यानं खिंडीत आधी "न्हेतो की" म्हटलं होतं आणि ज्याच्या खांद्यावर बांबूचा वळ उठला होता, तोच तो. कॉलर धरली, चार माणसांत नको ते बोलली. मी दहा पावलांवर उभी होते. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. तो म्हणाला, "व्हय, चुकलं आमचं," आणि पिशवी उचलून बसमध्ये चढला. मी पोरांना घरी पिटाळलं. खरं काय ते मात्र सांगितलं नाही, आणि याची लाज अजून माझ्या मानेवर बसलेली आहे.

तरीही ते शेवटचं नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडी वाशीकडून माणसं बैलगाडी घेऊन आली. त्यांच्या वस्तीला सामाईक विहीर मंजूर झाली होती आणि जागा दाखवायला दादा हवे होते. दादांची वरची खूण बरोबर निघाली, हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मला वाटलं, दादा नेहमीसारखं म्हणतील, माझं ते गेलं. ते म्हणाले, "चला."

बेचकीला दोन हात लागतात. दादांना एकच होता. रानात खुर्ची ठेवल्यावर त्यांनी उजवं टोक धरलं आणि म्हणाले, "बाई, डावं तू धर." चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि मी शेजारून, काठीचं डावं टोक मुठीत धरून, त्या चौघांच्या पावलांबरोबर चालू लागले. तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं होतं. पण दादा ताठ बसले होते, डोळे मिटून, गाणं ऐकणाऱ्या माणसासारखे. बारा वर्षांनी माझा बाप मला परत मिळाला होता, आणि त्याला मला पुन्हा बाजेवर निजवायचं नव्हतं.

काठी खाली गेली. मी ओढली नाही, एवढं मी कुणाचीही शपथ घेऊन सांगेन. दादांनी ओढली की जमिनीनं, ते मला ठाऊक नाही. दादांचा पाय जमिनीला टेकत नव्हता म्हणून त्यांनी मला सांगितलं आणि मी माझ्या टाचेनं माती उकरली.

त्या विहिरीला पाणी लागलं आणि कुणाला काही झालं नाही, हे सांगून टाकते. उगाच कुणी माझ्यावर दया करायला नको. पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी सातजण कुदळी-फावडी घेऊन उभे होते, माझ्या त्या "लई हाय" या शब्दावर जमिनीत उतरायला तयार. ती सगळी तोंडं मला अजून दिसतात. मी बाजूला झाले आणि त्यांना जागा करून दिली.